झिजलेल्या दगडांचीं छायाचित्रें

श्रोतेहो, छायाचित्रें काढण्याचा नाद ज्याला लागला आहे अशा माणसाला समाजांत बराच मान असतो. लग्नमुंजींत त्याची आठवण होते, बारशाला त्याला आग्रहाचें बोलावणें येतें, आणि शाळेच्या संमेलनांत पुढच्या रांगेंतली खुर्ची त्याच्यासाठीं राखून ठेवलेली असते. माझ्या वांट्याला हा मान फारसा आला नाहीं. कारण मी माणसांचीं छायाचित्रें काढीत नाहीं. मी दगडांचीं काढतों. त्यांतही कोरीव दगडांचीं नव्हे. लेण्यांतल्या मूर्ति, जुन्या देवळांचे खांब, किल्ल्यांचे बुरूज यांना छायाचित्रकारांची वाण कधींच पडली नाहीं. ज्या दगडाला कोणा पाथरवटाचा हात लागला नाहीं, ऊन, पाऊस, वारा आणि काळ यांनींच ज्याला घडविलें, किंवा खरें सांगावयाचें तर झिजविलें, असा दगड हा माझ्या छंदाचा विषय आहे.

आपली आणखी एक अडचण मी जाणून आहें. चित्रांविषयीं बोलावयाचें आणि चित्र मात्र दाखवावयाचें नाहीं, हा रेडिओवरचा व्यवहार म्हणजे भुकेल्या पाहुण्याला जेवणाचें नुसतें वर्णन ऐकविण्यासारखा आहे. परंतु आज ज्या दगडांची हकीकत मी सांगणार आहें, तसे दगड आपल्यापैकीं पुष्कळांच्या गांवाजवळ आहेत. माझें चित्र दिसलें नाहीं तरी मूळ वस्तु आपणांस उद्यां सकाळीं जाऊन पाहतां येईल.

माझें गांव दुधनी. सोलापुराहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, अक्कलकोट तालुक्याच्या अगदीं कडेला हें गांव वसलें आहे. पलीकडे कर्नाटक लागतो. बाजारांत एकाच सौद्याचें अर्धें बोलणें मराठींत आणि अर्धें कानडींत होतें. भोंवतालचा मुलूख उघडा आणि सपाट. काळी जमीन, ज्वारी आणि तूर, मधूनमधून बाभळी, आणि उन्हाळ्यांत पारा चाळिसांच्या वर. सह्याद्रीच्या कुशींत राहणाऱ्या मित्रांना मी जेव्हां सांगतों कीं, दगडांचीं छायाचित्रें काढावयाचीं असतील तर दुधनीला चला, तेव्हां ते हसतात. त्यांचें हसणें अगदींच अनाठायीं नाहीं. त्यांच्याकडे रतनगडाच्या माथ्यावर आरपार नेढें आहे. सुईच्या नेढ्यावरून आपल्या लोकांनीं खडकांतल्या भोंकाला दिलेलें हें नांव मला फार आवडतें. त्यांच्याकडे हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा आहे. कुकडी नदीच्या पात्रांत निघोजजवळ रांजणखळगे आहेत. पुराच्या भोंवऱ्यांत सांपडलेल्या गोट्यांनीं फिरून फिरून खडकांत अक्षरशः रांजण कोरले आहेत. मुंबईस अंधेरीला गिल्बर्ट टेकडी आहे. लाव्हा निवतांना पडलेल्या उभ्या भेगांमुळें तिला स्तंभांच्या जुडीचें रूप आलें असून ती सुमारें ६१ मीटर उंच आहे. असें प्रेक्षणीय आमच्या दुधनीला कांहीं नाहीं. आमच्याकडे आहेत ते गोल धोंडे, विहिरींच्या कडा, नाल्यांचे कांठ आणि मुरमाच्या खाणी. पण दगड कसा झिजतो हें शिकावयाचें असेल तर या विहिरींसारखी शाळा नाहीं, असें माझें मत आहे. आणि हें मत मला एका शेतकऱ्यानें दिलें.

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. मी तेव्हां कॉलेजांत होतों. उसना कॅमेरा गळ्यांत आणि तिवई खांद्यावर घेऊन मी एका रानाच्या बांधावरून चाललों होतों. तिवई पाहिली कीं आमच्याकडे लोकांना मोजणीदार आठवतो, आणि मोजणीदार आला म्हणजे जमीन जाणार हें ठरलेलें. विहिरीपाशीं बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठून पुढें आले आणि म्हणाले, "रस्ता आमच्या रानातनं जाणार का साहेब?"

मीं म्हटलें, "नाहीं अप्पा, मी दगडांचे फोटो काढतों."

त्यांनीं माझ्याकडे जरा वेळ निरखून पाहिलें. रस्ता जात नाहीं याचा आनंद आणि माझ्याविषयींची काळजी, असे दोन्ही भाव त्यांच्या चेहऱ्यावर होते. मग ते म्हणाले, "मग हिरीत उतरा की. पिकलेला दगड दावतो तुम्हाला."

आम्ही पायऱ्या उतरूं लागलों. वरतीं हातभर काळी माती. तिच्याखालीं पिवळसर, भुसभुशीत मुरूम. मुरमांत जागोजाग गोल धोंडे रुतून बसलेले, आणि प्रत्येक धोंड्याभोंवतीं एकावर एक पापुद्रे, कांद्यासारखे. अप्पांनीं एक पापुद्रा बोटांनीं सोलून माझ्या हातावर ठेविला. मुठींत दाबतांच त्याची माती झाली. आणखी खालीं गेल्यावर पापुद्रे विरळ झाले, धोंडे चौकोनी दिसूं लागले, आणि तळाशीं पाण्यालगत अभंग काळवथरी कातळ होता. "वरचा पिकला, खालचा अजून कच्चा," अप्पा म्हणाले. "आमचं रान म्हणजे पिकून गळलेला दगडच की." भूशास्त्राच्या पुस्तकांत जें प्रकरण वाचतांना मला दोनदां झोप आली होती, तें त्यांनीं दोन वाक्यांत संपविलें.

त्या प्रकरणांतला मजकूर थोडक्यांत असा आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्ह्याचे लोट एकामागून एक बाहेर आले आणि त्यांचे थरावर थर साचले. आज हे थर सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर मुलखावर पसरलेले आहेत. डोंगराच्या अंगाला ते पायऱ्यांसारखे दिसतात, म्हणून पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून त्यांना 'ट्रॅप' हें नांव पडलें. लाव्हा निवतांना आकसतो, आकसतांना तडकतो, आणि तडे उभे-आडवे गेले कीं कातळाचे ठोकळे पडतात. या तड्यांतून पावसाचें पाणी आंत शिरतें. हवेंतला आणि मातींतला कर्बवायु विरघळल्यामुळें हें पाणी किंचित आम्ल झालेलें असतें. तें दगडांतल्या फेल्स्पार नांवाच्या खनिजाची चिकणमाती करितें. दुसऱ्या खनिजांतलें लोखंड गंजतें आणि पिवळा-तांबडा रंग येतो. या चिकणमातीला मूळ खनिजापेक्षां जागा अधिक लागते. म्हणून बाहेरचा थर फुगतो आणि आंतल्या दगडापासून सुटतो. हाच आपला पापुद्रा.

मग ठोकळ्याचा गोळा कां होतो? येथें थोडें गणित आहे, पण तें खडीसाखरेच्या खड्याचें आहे. ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाण्याचा हल्ला एकाच दिशेनें होतो, कडेवर दोन दिशांनीं होतो, आणि कोपऱ्यावर तीन दिशांनीं होतो. म्हणून कोपरे आधीं जातात, मग कडा जातात, आणि मधें उरतो तो गोळा. तोंडांत धरलेला खडीसाखरेचा खडा असाच गोल होतो. फरक एवढाच कीं, खडा आंत विरघळून जातो आणि दगड आपलें टाकलेलें कवच भोंवतीं गुंडाळून बसतो. या क्रियेला गोलाभ अपक्षय म्हणतात. अपक्षय म्हणजे दगडाचें जागच्या जागीं झिजणें; तो भुगा पाण्यानें किंवा वाऱ्यानें वाहून नेला कीं तिला धूप म्हणावयाचें. निघोजचे रांजण हें धांवत्या पाण्याचें काम आहे. आमच्या विहिरींतले गोळे हें मुरत्या पाण्याचें काम आहे.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, दिवसा दगड तापतो, रात्रीं निवतो, आणि या ओढाताणीनेंच त्याचे पापुद्रे सुटतात. सोलापूर जिल्ह्यांतल्या उन्हांत वाढलेल्या माणसाला तर ही समजूत लगेच पटते. १९३६ सालीं डेव्हिड ग्रिग्ज या अमेरिकन शास्त्रज्ञानें तिची परीक्षा घेतली. ग्रॅनाइटचा एक तुकडा त्यानें ८९,४०० वेळां तापविला आणि निवविला. रोजचें एक आवर्तन धरलें तर हीं २४४ वर्षें होतात. कोरड्या हवेंत दगडावर दिसण्याजोगा कांहींच परिणाम झाला नाहीं. परंतु निवविण्यासाठीं पाण्याचे तुषार वापरतांच अवघ्या अडीच वर्षांइतक्या आवर्तनांत त्याची झिलई उतरली. पुढील संशोधकांनीं उन्हालाही त्याचा वांटा थोडाफार परत दिला आहे. तरी मुख्य कारागीर पाणी, ही गोष्ट कायम आहे. ज्या मुलखांत पाऊस कमी म्हणून आम्ही जन्मभर आभाळाकडे पाहत बसतों, त्या मुलखांतले दगडही पावसानेंच घडविले आहेत. त्याला वेळ मात्र भरपूर मिळाला आहे.

आतां छायाचित्रांकडे वळूं. १८५१ सालीं इंग्लंडांत फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें ओल्या कांचेवर चित्र घेण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षीं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था अस्तित्वांत आली. पुढें १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या भारतीय सभासदांपैकीं होत. त्या काळीं चित्र नीट उठावें म्हणून बसणाऱ्याला कांहीं सेकंद निश्चल राहावें लागे. माणसें अवघडत आणि मुलें हालत. दगड कधीं हालला नाहीं. आज प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनमध्यें कॅमेरा आहे आणि चित्र क्षणांत उठतें. तरीही दगडाचें चांगलें चित्र घाईनें निघत नाहीं.

पहिली गोष्ट प्रकाशाची. भरदुपारीं घेतलेल्या चित्रांत धोंडा चपटा दिसतो, कारण उंचसखल दाखविणारी सांवली त्या वेळीं दगडाच्या पोटाखालीं दडलेली असते. सूर्य उगवल्यापासून पहिला तास-दीड तास, आणि मावळण्यापूर्वींचा तेवढाच वेळ, हा आपला. तिरपें ऊन पापुद्र्यांवरून सरकूं लागलें कीं प्रत्येक कडेची रेघ वेगळी उठते. दगडाची उत्तरेकडची बाजू हिवाळ्यांत सांवलींतच राहते. तिच्यासाठीं उन्हाळ्याची वाट पाहावी लागते. आमच्या दुधनीच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेकडे कललेला असतो. म्हणजे एका धोंड्याचें चित्र पुरें करावयास मला कधीं कधीं सहा महिने लागतात. घरांतील मंडळी यावर काय म्हणतात तें येथें सांगत नाहीं.

दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. कॅमेऱ्याला समोरची प्रत्येक वस्तु मध्यम राखी रंगाची आहे असें वाटत असतें. काळा कातळ समोर आला कीं तो उजेड जास्त घेतो, आणि चित्रांत दगड राखेसारखा फिका पडतो. अशा वेळीं उजेड थोडा कमी करावा. पहिली सर पडून गेल्यावर तर अवश्य जावें. ओल्या दगडाचा काळा रंग खुलतो, पापुद्र्यांतला गंजाचा तांबडा रंगही खुलतो, आणि कोठें काय झिजलें आहे याचा नकाशाच समोर उभा राहतो.

तिसरी गोष्ट मोहाची. झिजलेल्या दगडांत हत्ती दिसतो, नंदी दिसतो, झोपलेला म्हातारा दिसतो. तो दिसावा, त्यांत पाप नाहीं. परंतु कॅमेरा मागेंपुढें करून, नको तो भाग कापून आपण जेव्हां हत्तीच तेवढा ठेवतों, तेव्हां दगड नाहींसा होतो. यासाठीं मी एका दगडाचीं तीन चित्रें घेतों: एक दुरून, भोंवतालच्या जमिनीसह, एक मधून, सबंध दगडाचें, आणि एक अगदीं जवळून, पापुद्र्यांचें. तिन्ही चित्रें एकत्र असलीं म्हणजे हत्ती पाहणाऱ्याला हत्ती मिळतो आणि दगड पाहणाऱ्याला दगड.

चौथी गोष्ट मापाची. ही मी पुस्तकांत वाचली होती, परंतु शिकलों मात्र स्वतःच्या चुकीनें. आणि ती चूक सांगण्यासाठींच मी आज येथें आलों आहें असें म्हटलें तरी चालेल.

विहीर दाखवून झाल्यावर अप्पांनीं मला त्यांच्या रानाच्या टोकाला नेलें. तेथें एक मोठा गोल धोंडा एकटाच उभा होता. भोंवतालचा मुरूम केव्हांच वाहून गेलेला. त्याच्या अंगावरचा एक पापुद्रा अर्धा सुटून शालीसारखा लोंबत होता. घरचीं माणसें त्याला कानडींत गुंडुकल्लु, म्हणजे गोल दगड, असें म्हणत. ज्वारी काढून झालेली होती आणि धसकटांच्या ओळी थेट धोंड्याच्या पायथ्यापर्यंत आल्या होत्या. अप्पा मोठ्या हौसेनें धोंड्याला टेकून उभे राहिले. दुपारची भाकरी ते रोज त्याच्याच सांवलींत खात. मीं कॅमेऱ्यांतून पाहिलें आणि त्यांना म्हणालों, "अप्पा, जरा बाजूला होतां का? मला नुसता दगड पाहिजे."

ते कांहीं न बोलतां बाजूला झाले. मीं नुसता दगड घेतला. चित्र फार चांगलें आलें.

पुढें मी नोकरीनिमित्त दूर राहिलों. बऱ्याच वर्षांनीं गांवीं आलों असतां अप्पांचे नातू मला शोधीत घरीं आले. अप्पा जाऊन पुष्कळ दिवस झाले होते. धोंडाही राहिला नव्हता. रस्त्याच्या खडीसाठीं तो फोडून नेला होता, आणि जमीन नांगराला मोकळी झाली म्हणून घरच्यांनाही त्याचें वाईट वाटलें नव्हतें. पण आतां घरांत एक वाद पडला होता. वडील म्हणत, गुंडुकल्लु पुरुषभर उंच होता. आत्या म्हणत, छे, बसायला पाट असतो तेवढाच होता. "तुम्ही फोटो काढला होता म्हणे," नातू म्हणाले. "केवढा होता तो? आणि त्यात आजोबा आहेत का?"

मीं चित्र काढून दाखविलें. त्यांत दगड होता, धसकटें होतीं, आभाळ होतें. धोंडा डोंगराएवढा म्हटला असता तरी चित्रानें नाहीं म्हटलें नसतें, आणि नारळाएवढा म्हटला असता तरीही नाहीं म्हटलें नसतें. आणि त्यांत आजोबा नव्हते. त्यांचें दुसरें चित्र कोणाजवळच नाहीं असें मला तेव्हां कळलें. तें कां नाहीं, याचें उत्तर त्या खोलींत मला एकट्यालाच ठाऊक होतें. मीं तें त्यांना सांगितलें.

नातू समजूतदार होते. ते रागावले नाहींत, चित्राकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि मग म्हणाले, "ही आमच्या तिफणीची पेर आहे. तिफण अजून गोठ्यात पडून आहे." आम्ही दोघे तत्काळ त्यांच्या घरीं गेलों. तिफणीच्या दोन फणांमधलें अंतर मोजलें. तें दीड फूट भरलें. भिंगाखालीं चित्र धरून धोंड्याच्या पायथ्याशीं येऊन थांबलेल्या ओळी मोजल्या, तों धोंड्यानें अशीं चार अंतरें अडविलीं होतीं. म्हणजे धोंडा सहा फूट रुंद. चित्रांत त्याची उंची रुंदीच्या दोन-तृतीयांश होती, म्हणजे चार फूट. वडील आणि आत्या दोघेही हरले. माणूस उभा राहिला तर धोंडा त्याच्या छातीला लागावा, आणि सांवलींत बसला तर ती त्याला पुरावी, एवढा तो होता. माप सांपडलें. माणूस सांपडला नाहीं.

तेव्हांपासून माझा एक नेम आहे. धोंड्याजवळ मी मापाची पट्टी ठेवतों. नाणें ठेवीत नाहीं, कारण नाणीं बदलतात. जागा, दिशा, तारीख आणि वेळ वहींत लिहितों. आणि एक चित्र असें घेतों कीं, ज्याचें रान आहे तो माणूस त्यांत दगडाजवळ उभा असतो. त्याची एक प्रत त्याच्या घरीं पोंचवितों. पुष्कळ घरांत तें चित्र देवघराशेजारीं लागतें. दगडाकडे तेथें कोणी पाहत नाहीं. तरी मोजमापाचें काम त्यानें चोख होतें.

श्रोतेहो, गिल्बर्ट टेकडीला १९५२ सालीं सरकारी संरक्षण मिळालें तें योग्यच झालें. परंतु रानांतल्या प्रत्येक गोल धोंड्याला असें संरक्षण मिळणार नाहीं, आणि तसा आग्रह धरणेंही बरें नव्हे. रस्त्यांना खडी लागते, विहिरी खणाव्या लागतात, शेतकऱ्याला आपलें रान मोकळें हवें असतें. मात्र दगड पिकून त्याची माती होण्यास जेथें हजारों वर्षें लागतात, तेथें त्याची खडी एका दुपारींत होते. त्या दुपारीच्या आधीं कोणीतरी जाऊन त्याचें एक नीट चित्र घ्यावें, एवढेंच माझें मागणें आहे.

तर उद्यां सकाळीं, ऊन तिरपें आहे तोंवर, आपल्या गांवच्या एखाद्या जुन्या विहिरीच्या कांठावर जा. आंत डोकावून पाहा. वरतीं माती, मधें मुरूम, मुरमांत गोळे, आणि तळाशीं कातळ, असा क्रम दिसला तर चित्र घ्या. पापुद्रा सोलूं नका; तो आपल्याशिवायही सुटणार आहे. बरोबर पट्टी असूं द्या. आणि विहिरीचा धनी जवळ येऊन उभा राहिला, तर त्याला बाजूला व्हा म्हणूं नका.